मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर रिफाम्पिसिनला न जुमानणारा क्षय: उपचार बदलताना टॅक्रोलिमसचे काय?

प्रश्न: कृष्णाकाठ (सांगली जिल्हा)

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाचे, वय ३४, मूत्रपिंड प्रत्यारोपण १४ महिन्यांपूर्वी झाले. मूत्रपिंड आमच्या आईने दिले. पहिले वर्ष सुरळीत गेले. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.२ वर स्थिर होते. टॅक्रोलिमस सकाळ-संध्याकाळ दीड-दीड मिलिग्रॅम, मायकोफेनोलेट आणि ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन अशी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू होती आणि तो हळदीच्या अडत दुकानात पुन्हा कामालाही जाऊ लागला होता.

दोन महिन्यांपूर्वी त्याला रोज संध्याकाळी कणकण येऊ लागली, वजन ६ किलोंनी उतरले आणि उजव्या छातीत पाणी झाल्याचे निघाले. पाण्याच्या सीबीनॅट तपासणीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत, तरी एकंदर लक्षणांवरून एकेटी, म्हणजे नेहमीची चार औषधे, सुरू करण्यात आली. त्यांतील रिफाम्पिसिनमुळे टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी घसरेल असे आम्हाला आधीच सांगितले होते आणि झालेही तसेच: ६.४ वरून ती दहा दिवसांत २.२ वर आली, म्हणून डोस वाढवत वाढवत चार-चार मिलिग्रॅमपर्यंत नेला, तेव्हा कुठे ती ५.८ झाली. ताप मात्र हटेना. शेवटी दुर्बिणीने फुप्फुसातील स्राव काढून तपासला, तेव्हा त्यात क्षयाचे जंतूही सापडले आणि त्यांचा रिफाम्पिसिनला असलेला प्रतिरोधही. २४ व्या दिवशी चारही औषधे थांबवून त्याला औषधप्रतिरोधी क्षयरोग केंद्राकडे पाठवले. तेथे पुढच्या तपासणीसाठी नमुना गेला आहे आणि बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सासिन ही सहा महिन्यांची उपचारपद्धती या आठवड्यात सुरू करू, असे सांगितले आहे.

औषधे थांबवून आज नववा दिवस आहे. प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांची पुढची तारीख अजून बारा दिवसांनी आहे आणि टॅक्रोलिमस अजून चार-चारच चालू आहे. गेले दोन दिवस त्याचे हात थरथरतात. काल चहा घेताना कप बशीवर एकसारखा वाजत होता, म्हणून त्याने तो दोन्ही हातांनी धरला. हा अशक्तपणा असावा असे आम्ही समजत आहोत.

माझे प्रश्न असे. नव्या औषधांनी मूत्रपिंडाला धोका किती? प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी केल्याशिवाय क्षय बरा होत नाही असे एक जण म्हणतात आणि कमी केली तर मूत्रपिंड जाईल असे दुसरे म्हणतात, यात खरे काय? शेवटचा प्रश्न आईचा आहे. हा आजार आपल्याच मूत्रपिंडातून त्याच्याकडे गेला असे तिने मनाशी ठरवून टाकले आहे आणि ती त्याच्यासमोर जेवायलाही बसत नाही.

उत्तर: मूत्रपिंडवैद्य (पुणे)

बाकीचे प्रश्न नंतर. उद्या सकाळचा टॅक्रोलिमसचा डोस घेण्यापूर्वी त्यांचे रक्त टॅक्रोलिमसच्या पातळीसाठी, तसेच क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमसाठी द्या आणि आज रात्रीच प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना दूरध्वनी करून दोनच वाक्ये सांगा: रिफाम्पिसिन थांबून नऊ दिवस झाले आहेत आणि टॅक्रोलिमस चार-चार चालू आहे. ती ऐकल्यावर ते बारा दिवस थांबायला सांगणार नाहीत. हाताची ही थरथर मला अशक्तपणाची वाटत नाही.

कारण असे. टॅक्रोलिमसचे विघटन यकृतातील आणि आतड्याच्या अस्तरातील सायटोक्रोम ३ए४ नावाचे विकर करते. रिफाम्पिसिन या विकराची निर्मिती कित्येक पटींनी वाढवते, म्हणून ते चालू असताना टॅक्रोलिमसचा डोस दुप्पट, तिप्पट, कधी पाचपटही करावा लागतो. रिफाम्पिसिन ज्या दिवशी थांबते त्या दिवशी हे वाढीव विकर नाहीसे होत नाही, ते साधारण दोन आठवड्यांत हळूहळू ओसरते. तेवढ्या काळात टॅक्रोलिमसचा वाढवलेला डोस तसाच राहिला, तर कालपर्यंत जेमतेम पुरणारे औषध रोज थोडे थोडे जास्त होत जाते. जास्त झालेले टॅक्रोलिमस मूत्रपिंडातील रक्तवाहिन्या आवळते, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम वाढवते, मॅग्नेशियम लघवीवाटे घालवते आणि हात थरथरवते. क्षयाचे औषध सुरू करताना पातळी तपासायची हे आता सगळ्यांना पाठ आहे. ते थांबवताना तपासायची हे मात्र निसटते, कारण थांबवणारा डॉक्टर एक असतो आणि टॅक्रोलिमस देणारा दुसरा.

प्रेडनिसोलोनचेही तेच आहे. रिफाम्पिसिनच्या काळात त्याचा डोस वाढवला असेल, तर आता तो जुन्या मापावर आणावा लागेल, नाहीतर साखर वाढलेली दिसेल.

कृष्णाकाठ

सर, आपण सांगितल्याप्रमाणे रात्रीच फोन केला. पातळी १७.९ आली, क्रिएटिनिन २.०, पोटॅशियम ५.६ आणि मॅग्नेशियम १.३. डॉक्टरांनी टॅक्रोलिमसचे दोन डोस पूर्ण बंद ठेवले, नंतर दीड-दीडवर आणले आणि दर तीन दिवसांनी तपासायला सांगितले. आजची पातळी ८.१ आणि क्रिएटिनिन १.५ आहे. हाताची थरथर कमी झाली आहे. मॅग्नेशियमची गोळी सुरू केली आहे. आपले आभार कोणत्या शब्दांत मानावेत हे कळत नाही.

उत्तर: छातीचा डॉक्टर (विदर्भ)

मी औषधप्रतिरोधी क्षयाच्या केंद्रात काम करतो, त्यामुळे क्षयाच्या बाजूने लिहितो. आपल्या भावाला प्रत्यक्ष तपासलेले नसल्याने हे सर्व त्याच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावे एवढ्याचपुरते समजावे.

सर्वप्रथम, प्रतिरोध हा शब्द ऐकून सगळे रुग्ण एकाच रांगेत उभे करू नयेत. जंतूंचा प्रतिरोध केवळ आयसोनियाझिडला असेल, तर उपचार रिफाम्पिसिन, एथम्ब्युटॉल, पायराझिनामाइड आणि लिव्होफ्लॉक्सासिन यांनी सहा महिने करतात. म्हणजे तेथे रिफाम्पिसिन राहते आणि टॅक्रोलिमसशी त्याची झटापट शेवटपर्यंत चालते. आपल्या भावाचा प्रतिरोध रिफाम्पिसिनलाच आहे. ऐकायला विचित्र वाटेल, पण प्रत्यारोपणाच्या दृष्टीने यात एक सोय आहे: आता द्यायच्या चार औषधांपैकी एकही टॅक्रोलिमसची पातळी रिफाम्पिसिनसारखी पाडत नाही. मागच्या पिढीतील कॅनामायसिन आणि कॅप्रिओमायसिन ही इंजेक्शने मूत्रपिंडावर आणि कानावर थेट घाव घालत असत आणि टॅक्रोलिमस व सायक्लोस्पोरिन हीदेखील मूत्रपिंडालाच त्रास देणारी औषधे असल्याने प्रत्यारोपणाच्या रुग्णांत ती देताना आमचा जीव टांगणीला लागत असे. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही इंजेक्शने उपचारातून वगळायला सांगितले. मी ती पुष्कळ दिलेली आहेत आणि त्यांची आठवण सुखाची नाही.

आता ज्या उपचाराबद्दल आपण विचारता त्याविषयी. बेडाक्विलिन पहिले दोन आठवडे रोज ४०० मिलिग्रॅम आणि नंतर आठवड्यातून तीनदा २०० मिलिग्रॅम, प्रीटोमॅनिड रोज २००, लिनेझोलिड रोज ६०० आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन रोज ४०० मिलिग्रॅम, असे २६ आठवडे द्यायचे असते. उझबेकिस्तान, बेलारूस आणि दक्षिण आफ्रिका येथे झालेल्या ज्या चाचणीवर ही पद्धत मुख्यतः उभी आहे, तिचे निष्कर्ष २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. या चार औषधांच्या गटात १०० पैकी ८९ रुग्णांचा उपचार यशस्वी ठरला, तर तेव्हाच्या प्रचलित उपचाराच्या गटात ५२ जणांचा. आपल्याकडे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमासाठी तिला मान्यता दिली. त्यापूर्वी अशा रुग्णांना नऊ ते वीस महिने औषधे घ्यावी लागत. मात्र प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांतील अनुभव सुट्या रुग्णवृत्तांतांतून आणि छोट्या रुग्णमालिकांतून आलेला आहे, तेव्हा ८९ हा आकडा आपल्या भावाला जसाच्या तसा लावता येणार नाही.

दोन गोष्टी आपण केंद्रात जरूर विचाराव्यात. पहिली, क्षय शरीरात आणखी कोठे आहे का, हे पाहिले आहे काय? मेंदूचा, हाडांचा किंवा अनेक अवयवांत पसरलेला क्षय असेल, तर ही सहा महिन्यांची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत बसत नाही, तेथे दीर्घ उपचार निवडावा लागतो. प्रत्यारोपणाच्या रुग्णांत क्षय फुप्फुसाबाहेर किंवा सर्वत्र पसरलेला असण्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त असते आणि लक्षणे दबलेली असतात. डोके दुखत नाही म्हणून मेंदू मोकळा आहे असे मी अशा रुग्णात गृहीत धरत नाही. दुसरी, फ्लुरोक्विनोलोन गटाच्या (मॉक्सिफ्लॉक्सासिन याच गटातले) औषधांना जंतू दाद देतात का, याची तपासणी, म्हणजे आम्ही ज्याला दुसऱ्या पातळीची एलपीए म्हणतो ती. तिचा निकाल येण्याची वाट पाहत उपचार अडवून ठेवू नये, पण प्रतिरोध निघाला तर मॉक्सिफ्लॉक्सासिन काढून उरलेल्या तिघांवर उपचार चालवतात आणि गरज पडल्यास तो नऊ महिन्यांपर्यंत वाढवतात.

रिफाम्पिसिनचे ओसरते विकर बेडाक्विलिन आणि प्रीटोमॅनिडचीही पातळी पाडते. तुमचे मधले दिवस तपासण्यांत गेले, त्याचा या बाबतीत योगायोगाने फायदाच झाला.

औषधे खासगी दुकानातून घ्यावीत का असा प्रश्न मनात असेल, तर बेडाक्विलिन आणि प्रीटोमॅनिड कार्यक्रमातूनच आणि मोफत मिळतात. भावाची नोंद निक्षय या सरकारी क्षयनोंदणी संकेतस्थळावर झाली आहे याची खात्री करा. पोषणासाठीचे दरमहा १००० रुपयेही त्याच नोंदीवर खात्यात जमा होतात.

उत्तर: गोळ्यांचा हिशेब (मुंबई)

मी रुग्णालयात औषधतज्ज्ञ म्हणून काम करते. वरील दोन्ही डॉक्टरांनी मोठे मुद्दे मांडलेच आहेत. माझे काम डब्यातील बाकीच्या गोळ्यांकडे पाहण्याचे. दादा, भावाच्या सगळ्या गोळ्यांची यादी करताना रक्तदाबाची म्हणून काय चालू आहे ते पाहाल का? डिल्टियाझेम असेल तर ते रक्तदाबासाठीच असेल असे नाही. ते टॅक्रोलिमसचे विघटन मंद करते, म्हणून कमी टॅक्रोलिमसमध्ये भागावे यासाठीही आपल्याकडे ते देतात, कारण टॅक्रोलिमस महाग आहे. काही ठिकाणी याच हेतूने केटोकोनाझोल दिले जाते आणि तो मामला अधिक गंभीर आहे, कारण केटोकोनाझोल बेडाक्विलिनची पातळीही वाढवते आणि हृदयाच्या ठोक्यातील क्यूटी हे अंतर स्वतःही लांबवते.

क्यूटीविषयी थोडे सविस्तर लिहिते. बेडाक्विलिन ते लांबवते, मॉक्सिफ्लॉक्सासिन लांबवते आणि टॅक्रोलिमसही लांबवते. मळमळीसाठी दिले जाणारे ऑन्डान्सेट्रॉन, तोंडातील बुरशीसाठीचे फ्लुकोनाझोल, खोकल्यावर कोणीतरी सहज लिहून दिलेले अझिथ्रोमायसिन, ही सगळी त्यात भर घालतात. त्यातच मॅग्नेशियम १.३ असेल, तर ठोका बिघडण्याला आयतीच वाट मिळते. उपचारापूर्वीचा ईसीजी, दोन आठवड्यांनी दुसरा आणि पुढे दर महिन्याला एक, हे ठरवून घ्या आणि प्रत्येक पट्टीवर ठोक्यांच्या गतीनुसार दुरुस्त केलेला क्यूटी किती आहे तो आकडा लिहून घ्या. ५०० मिलिसेकंदांच्या वर तो गेला तर औषध थांबवण्याचा विचार करावा लागतो. बेडाक्विलिन शरीरातून निघायला महिने लागतात, त्यामुळे आज थांबवले की उद्या परिणाम संपला असे होत नाही.

मॅग्नेशियमची गोळी सुरू झाली हे योग्यच आहे, पण ती मॉक्सिफ्लॉक्सासिनबरोबर घेतली तर पोटातच त्याला बांधून टाकते आणि क्षयाचे औषध रक्तात पुरेसे पोचत नाही. मॉक्सिफ्लॉक्सासिन मॅग्नेशियमच्या निदान चार तास आधी किंवा आठ तास नंतर असावे. लोह, कॅल्शियम आणि पित्तावरची पातळ औषधे यांनाही हाच नियम आहे. मायकोफेनोलेटही मॅग्नेशियमपासून दोन तास दूर ठेवलेले बरे. मी अशा रुग्णांना सकाळी ८ ला टॅक्रोलिमस, ९ ला पोटभर नाश्त्यानंतर बेडाक्विलिन आणि क्षयाची इतर औषधे व मायकोफेनोलेट, दुपारी ४ ला मॅग्नेशियम, रात्री ८ ला टॅक्रोलिमस आणि ९ ला मायकोफेनोलेट असा तक्ता करून देते. बेडाक्विलिन अन्नासोबत घेतल्यास जवळजवळ दुप्पट शोषले जाते, तेव्हा उपवासाच्या दिवशी ते रिकाम्या पोटी जाणार नाही एवढे पाहा.

काढे आणि प्रतिकारशक्ती वाढवणारी चूर्णे यांबद्दल आपण विचारलेले नाही, पण घरी कोणीतरी आणून देतेच. गुळवेलीने यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी प्रसिद्ध केली आहे. प्रीटोमॅनिड आणि बेडाक्विलिन दोन्ही यकृतावर लक्ष ठेवून द्यायची औषधे आहेत आणि प्रत्यारोपण झालेल्या माणसाने प्रतिकारशक्ती वाढवून नेमके कोणाशी लढायचे आहे, हा प्रश्न वेगळाच. ग्रेपफ्रूट आणि त्याच्या जातकुळीतले पपनसही टॅक्रोलिमस वाढवू शकते, तेव्हा ते सध्या नको.

कृष्णाकाठ

मॅडम, डबा उघडून पाहिला. डिल्टियाझेम आहे, वर्षभर आहे, आणि आम्ही सर्व जण ती रक्तदाबाची गोळी समजत होतो. क्षयरोग केंद्रात दिलेल्या यादीत ती लिहिलेलीच नव्हती, कारण भावाने सांगताना बीपीची गोळी एवढेच सांगितले होते. आता ती बंद करावी का?

गोळ्यांचा हिशेब

स्वतःहून मुळीच नको. ती एकदम थांबली तर टॅक्रोलिमसची पातळी आता खाली येईल आणि मग रिजेक्शनच्या, म्हणजे शरीराने नवे मूत्रपिंड नाकारण्याच्या, बाजूने तीच कसरत पुन्हा करावी लागेल. दोन्ही डॉक्टरांना तिचे नाव आणि मिलिग्रॅम सांगा. ठेवायची तर ठेवून ईसीजी पाहत राहता येते.

उत्तर: मूत्रपिंडवैद्य (पुणे)

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे किती कमी करावीत याला नेमका नियम नाही, पण आमच्यापैकी बहुतेक जण टॅक्रोलिमस आणि थोडे प्रेडनिसोलोन कायम ठेवून आधी मायकोफेनोलेटला हात घालतात. लिनेझोलिड येत असताना तर मी तो फार उशिरा घालत नाही. लिनेझोलिड अस्थिमज्जेला दाबते, मायकोफेनोलेटही दाबते आणि सोबत न्यूमोसिस्टिस या फुप्फुसाच्या संसर्गासाठीचे को-ट्रायमॉक्सॅझोल किंवा सीएमव्ही या विषाणूसाठीचे व्हॅलगॅनसायक्लोव्हिर चालू असेल तर तेही दाबते. मूत्रपिंडाची क्षमता कमी असलेल्यांत लिनेझोलिडने प्लेटलेट घसरण्याची शक्यता आणखी वाढते. म्हणून पहिल्याच दिवशी मी मायकोफेनोलेट निम्मे करतो आणि पहिला महिनाभर दर आठवड्याला रक्तपेशी मोजतो.

प्रतिकारशक्तीवरचे सगळे दाबण एकदम काढून घेऊ नये याचे कारण केवळ रिजेक्शन नाही. दबलेली प्रतिकारशक्ती झपाट्याने मोकळी झाली, तर ती मेलेल्या आणि मरू घातलेल्या जंतूंवर तुटून पडते, ताप परत येतो, गाठी सुजतात, छातीत पाणी वाढते आणि उपचार फसला असे वाटू लागते. अशा वेळी घाबरून औषधे बदलली जातात, ती बदलू नयेत.

छातीचा डॉक्टर

मायकोफेनोलेटच्या बाबतीत मी सरांशी पूर्ण सहमत नाही. प्रत्यारोपणाला अवघे १४ महिने झालेल्या आणि नुकताच टॅक्रोलिमसचा फटका खाल्लेल्या रुग्णात पहिल्याच दिवशी मायकोफेनोलेट निम्मे करण्यापेक्षा मी रक्तपेशींचे आकडे पाहत थांबेन, कारण हे सहा महिने लिनेझोलिडच्या बाजूनेही खेळायला थोडी जागा आहे. ६०० मिलिग्रॅमवर पेशी घसरल्या, तर काही दिवस थांबवून ३०० वर परत येता येते, आणि जंतूंचा मोठा भार पहिल्या दोन-तीन महिन्यांत कमी झालेला असतो. फक्त पहिले नऊ आठवडे तरी ६०० टिकवण्याचा प्रयत्न करावा.

मूत्रपिंडवैद्य

डॉक्टर, आपले म्हणणे लिनेझोलिडपुरते मान्य. परंतु क्षय सक्रिय असताना दाबण थोडे कमी करणे मला क्षयासाठीच हवे आहे, पेशी घसरण्याची वाट पाहून नव्हे. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका रुग्णाच्या पेशी तिसऱ्या आठवड्यात इतक्या घसरल्या की लिनेझोलिड आणि मायकोफेनोलेट दोन्ही एकदम थांबवावी लागली आणि मग क्षय व मूत्रपिंड दोन्ही उघडे पडले. त्या तीन आठवड्यांत माझी झोप गेली होती, कदाचित म्हणून मी आधी कमी करतो. शेवटी हा निर्णय त्यांच्या दोन्ही डॉक्टरांनी एकत्र बसून घ्यायचा आहे.

क्रिएटिनिनबद्दल एक सूचना. प्रीटोमॅनिडने निरोगी स्वयंसेवकांत क्रिएटिनिन किंचित वाढले होते, गाळणक्षमता प्रत्यक्षात घटली नव्हती आणि औषध थांबल्यावर आकडा पूर्ववत झाला होता. पण प्रत्यारोपित मूत्रपिंडात क्रिएटिनिन वाढले तर ते प्रीटोमॅनिडवर ढकलण्यापूर्वी टॅक्रोलिमसची पातळी पाहावी आणि ती ठीक असेल तर बायोप्सीचा विचार करावा.

उत्तर: दुसरी खेप (ठाणे)

मी डॉक्टर नाही. माझे प्रत्यारोपण २०१४ मध्ये झाले आणि २०१६ मध्ये मला औषधप्रतिरोधी क्षय झाला, म्हणून लिहिते. त्या काळी मला आठ महिने कॅनामायसिनची इंजेक्शने मिळाली. उपचार संपला तेव्हा क्षय गेला होता, क्रिएटिनिन १.१ वरून १.८ वर जाऊन तेथेच राहिले होते आणि कुकरची शिट्टी मला ऐकू येईनाशी झाली होती. आजही मी वाफ पाहून शिट्ट्या मोजते. तुमच्या भावाला ही इंजेक्शने नाहीत हे वाचून मला खरोखर बरे वाटले.

माझ्या अनुभवातून दोनच गोष्टी सांगते. टाचेच्या वर, पोटरीच्या शेवटी दुखू लागले तर ते चालण्याने झाले असेल म्हणून दुर्लक्ष करू नका. क्विनोलोन गटातील औषध, स्टिरॉइड आणि प्रत्यारोपण या तिन्हींच्या संगतीत स्नायुबंध तुटण्याचा धोका वाढतो, हे मला पाय बांधल्यावर कळले. दुसरे, पायांच्या तळव्यांना मुंग्या आल्या किंवा लाल-हिरवा रंग फिका वाटू लागला तर त्याच दिवशी सांगायचे. लिनेझोलिडने नसा आणि डोळ्यांची नस दुखावते आणि आपण सांगितल्याशिवाय ते कोणाला दिसत नाही.

छातीचा डॉक्टर

ताईंचा पहिला मुद्दा अगदी रास्त आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये या गटाच्या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला, त्यात साठीपुढील रुग्ण, स्टिरॉइड घेणारे आणि मूत्रपिंड, हृदय व फुप्फुस प्रत्यारोपण झालेले रुग्ण यांचा स्पष्ट उल्लेख होता.

आईंच्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे. दात्याच्या अवयवातून क्षय येतो हे खरे, पण अशा घटना थोड्या असतात आणि त्या बहुधा प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत उघड होतात. तुमच्या भावाचा आजार एका वर्षानंतरचा आहे, फुप्फुसात आहे आणि प्रत्यारोपित मूत्रपिंडात त्याचा मागमूस असल्याचे आपण लिहिलेले नाही. आपल्या देशात अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू वर्षानुवर्षे निजलेले असतात; प्रतिकारशक्ती दबली की ते जागे होतात, किंवा बाहेरून नव्याने येतात. अडत बाजारातील गर्दीत वावरणाऱ्या माणसाला दोन्ही शक्य आहे. आईंना हे मी सांगितले असे सांगा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांची स्वतःची तपासणी करून घ्या. त्यांचे एकच मूत्रपिंड आहे आणि त्या या आजाराच्या घरातील संपर्कात आहेत. छातीचा एक्स-रे, लक्षणांची चौकशी आणि सक्रिय क्षय नाही याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक लिव्होफ्लॉक्सासिनचा विचार, या क्रमाने केंद्रातील डॉक्टर ठरवतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये अशा घरगुती संपर्कातील लोकांसाठी सहा महिन्यांच्या लिव्होफ्लॉक्सासिनची शिफारस केली आहे. त्यांच्या मूत्रपिंडाच्या क्षमतेनुसार डोस मात्र बघावा लागेल.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. मेंदूचा एमआरआय आणि पोटाचे सीटी स्कॅन झाले, दोन्ही ठीक आहेत. फ्लुरोक्विनोलोनला प्रतिरोध नाही. चारही औषधे परवा सुरू झाली. पहिल्या ईसीजीवर दुरुस्त केलेला क्यूटी ४३८ आहे. दोन्ही डॉक्टरांनी फोनवर एकमेकांशी बोलून मायकोफेनोलेट सध्या तीन-चतुर्थांश ठेवायचे असे ठरवले, म्हणजे येथील दोन्ही मतांच्या मधले. डिल्टियाझेम ठेवले आहे आणि आता ते केंद्राच्या कागदावरही लिहिलेले आहे. मॅडमनी सांगितलेला वेळांचा तक्ता फ्रिजवर लावला आहे आणि दुपारी ४ ची गोळी द्यायचे काम आईने स्वतःकडे घेतले आहे. तिचा एक्स-रे स्वच्छ आला. काल रात्री ती त्याच्या शेजारी जेवायला बसली, तोंडाला मास्क लावून, म्हणजे खरे तर जेवली नाहीच, पण बसली. टॅक्रोलिमसची पातळी आणि रक्तपेशी सोमवारी आहेत. आकडे येथे लिहीन.